वीतभर पडद्यामागची पेढी

मोबाईलवर अर्ध्या मिनिटात सरकून जाणारी हलती चित्रे कोणीतरी रात्रंदिवस बसून केलेली असतात. दोन खोल्यांत, चार-पाच जणांत चालणाऱ्या या नव्या कारखानदारीचा हिशेब मांडू गेले, की चित्रकला बाजूला राहते आणि ‘मालकी कोणाची?’ हा जुनाच प्रश्न पुढे उभा ठाकतो.

पूर्वी कारखाना म्हटला, की धुराडे डोळ्यांपुढे येई, भोंगा ऐकू येई आणि पाळी सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणारी माणसांची रांग दिसे. आता कारखाने इतके मुके झाले आहेत, की शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. पुण्याच्या पेठांत, ठाण्या-डोंबिवलीत, नाशकात किंवा कोल्हापुरात एखाद्या जुन्या इमारतीचा जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जावे. दाराबाहेर पाच-सहा जोड चपला, आत ओळीने मांडलेले संगणक आणि खिडक्यांना भर दुपारी जाड पडदे; कारण बाहेरचा उजेड आत आला, तर रंगांचा अंदाज चुकतो. कोपऱ्यातल्या लाकडी कपाटाला आतून गोधड्या ठोकलेल्या. त्यात डोके खुपसून एक मुलगी कावळ्याचा आवाज काढत असते. हे त्यांचे ध्वनिमुद्रणगृह!

या दोन खोल्यांतून बाहेर पडणारा माल आपण सारेच रोज पाहतो. पीकविम्याची मुदत सांगणारा शेतकरीदादा, पतसंस्थेच्या ठेवयोजनेची जाहिरात, व्हॉट्सॲपवर आलेली दिवाळीची हलती पणती, नातवाचे बालगीत, शाळेच्या धड्यातली पचनसंस्था, दवाखान्याने पाठवलेली मधुमेहाची माहिती. लांबी पंधरा सेकंदांपासून तीन-चार मिनिटांपर्यंत, आणि पडदा जेमतेम वीतभर.

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे ओळखीपाळखीची तरुण मुले येतात, ती काही आपली चित्रे दाखवायला येत नाहीत. कर्जाचा अर्ज दाखवायला येतात. त्या अर्जांत एक रकाना हटकून कोरा असतो. तो म्हणजे ‘तारण’. गिरणीवाल्याकडे चक्की असते, रिक्षावाल्याकडे रिक्षा, मागवाल्याकडे माग. या मुलांकडे पाच संगणक असतात, आणि तीन वर्षांनी त्यांना भंगारवालाही नाक मुरडतो. मग तो रकाना भरायला वडिलांचा फ्लॅट पुढे येतो. निवृत्तीच्या पुंजीतून घेतलेले घर मुलाच्या कार्टूनपायी गहाण ठेवायचे का, यावर कित्येक घरांतून जेवणाच्या वेळी बोलणी होतात, अबोले होतात. प्रस्तुत लेख त्या कोऱ्या रकान्याविषयी आहे.

फाळक्यांच्या कुंडीतला वाटाणा

तसा हा रकाना शंभर वर्षांहून जुना आहे. धुंडिराज गोविंद फाळके १९१२ च्या आरंभी यंत्रसामग्रीसाठी लंडनला निघाले, तेव्हा त्यांच्यापाशी तारण म्हणून होती ती आयुर्विम्याची पॉलिसी. तीच गहाण पडली. परत आल्यावर चित्रपटाला भांडवल हवे होते आणि हलती चित्रे म्हणजे काय, हेच भांडवलदाराला ठाऊक नव्हते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत एकेक चौकट टिपत गेले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटा-दीड मिनिटात उलगडली आणि सावकाराची खात्री पटली. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’साठी सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले.

एकेक चौकट टिपत जाणे हाच ॲनिमेशनचा पाया. म्हणजे आपल्याकडच्या चित्रपटधंद्याला पहिले कर्ज मिळाले, ते ॲनिमेशनच्याच सख्ख्या भावंडाला दाखवून! फाळक्यांनी पुढे आगपेटीतल्या काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ही केली.

त्यानंतरचा प्रवास मात्र संस्थांच्या सावलीत झाला. १९३४ मध्ये ‘प्रभात’ने ‘जंबू काका’ हे व्यंगपट काढले, ते कंपनीच्या खर्चाने. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स येथे शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखे कलावंत घडले, ते सरकारी पगारावर. दूरदर्शनवर ज्यांचे बालपण गेले, त्यांना ‘एक अनेक और एकता’ आठवत असेलच. १९७४ ची ती छोटी फिल्म विजया मुळे यांची. चित्रांना हालचाल दिली ती भीमसेन यांनी. तिच्यामागेही शैक्षणिक तंत्रज्ञानाचे सरकारी केंद्र उभे होते. कलावंताने चित्र काढायचे आणि पहिल्या तारखेला पगार घ्यायचा, ही व्यवस्था होती. आजच्या पेढीच्या पाठीशी असे कोणी नाही. चित्रे तीच काढते, गिऱ्हाईक तीच शोधते, वसुलीचे फोनही तीच करते.

मिनिटाला सातशे वीस

काम किती, याचा अंदाज बाहेरच्याला येत नाही. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एक चित्र सहसा दोन चौकटींना पुरवतात. म्हणजे सेकंदाला बारा चित्रे आणि मिनिटाला ७२०. एवढी चैन छोट्या पेढीला परवडणारी नव्हे. म्हणून पात्राचे हात, पाय, मान, भुवया, ओठ वेगवेगळे काढून संगणकात त्यांना सांधे बसवतात आणि बाहुलीसारखे हलवतात. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्या नाचवतात. त्यांना हे तंत्र पाहून काडीचेही नवल वाटणार नाही.

मोबाईलच्या पडद्याचे नियम मात्र वेगळेच. तो उभा असतो. रुंदीला १०८० ठिपके, तर उंचीला १९२०. सिनेमाच्या आडव्या पडद्यावर नवरा-बायको शेजारी उभे करून भांडवता येतात. येथे एकाला माडीवर आणि एकाला अंगणात उभे करावे लागते! पडद्याच्या तळाशी नावाची पट्टी येते, उजव्या कडेला बटणे येतात. तेथे पात्राचे नाक आले, तर ते झाकले जाते. बसमध्ये, दवाखान्यात, निजलेल्या बाळाशेजारी लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून संवाद अक्षरांतही द्यावे लागतात; आणि तेथे मराठीची जोडाक्षरे मोडतात, वेलांट्या दुसऱ्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतात. बांधावर उन्हात पाहणाऱ्या शेतकऱ्याला फिके रंग दिसत नाहीत. म्हणून रेषा जाड, चेहरा मोठा, मागचा देखावा मोकळा.

शिवाय पहिल्या दोन-तीन सेकंदांत मन धरले नाही, तर बघणाऱ्याचा अंगठा वर सरकतो आणि खेळ खलास. संगीत नाटकाच्या काळात पिटातला प्रेक्षक नाटक पडले तर शिट्ट्या तरी मारी. अंगठा तेवढेही सौजन्य दाखवत नाही.

जमीन दुसऱ्याची

भारतातला पहिला मोबाईल फोन ३१ जुलै १९९५ रोजी वाजला. पुढच्या दहा-बारा वर्षांत फोनवर रंगीत चित्रे आली. तेव्हाची चित्रफीत १७६ ठिपके रुंद आणि १४४ ठिपके उंच, म्हणजे टपालतिकिटाहून थोडी मोठी. तरीही लोकांनी ती विकत घेतली. चारपाच आकडी क्रमांकावर संदेश पाठवला, की हलता गणपती फोनवर येई आणि शिलकीतून पैसे कापले जात. त्या पैशांतला मोठा हिस्सा मोबाईल कंपनी ठेवी, त्यानंतर मधला अडत्या आपली दलाली कापून घेई आणि तळाशी उरे ते गणपती काढणाऱ्याच्या हाती पडे, तेही कित्येक महिन्यांनी. कोथिंबिरीच्या जुडीचा आणि या गणपतीचा बाजार काही निराळा नव्हता.

पुढे न मागता पैसे कापले जातात, अशा तक्रारी वाढल्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये, ग्राहकाची दुहेरी संमती घेतल्याशिवाय अशी सेवा सुरू करू नये, असा दंडक घातला. ग्राहकाच्या बाजूने ते रास्तच होते. परंतु त्या धंद्याचा कणा मोडला आणि अडत्यांबरोबर चित्रे काढणाऱ्या पेढ्याही आडव्या झाल्या.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले. सुरुवातीचे काही महिने इंटरनेट फुकट आणि नंतरही स्वस्त. चित्रफीत विकत घेण्याचा प्रश्नच मिटला. ती जाहिरातींच्या जिवावर फुकट दिसू लागली. पेढ्यांनी यूट्यूबवर बालगीतांचे, बोधकथांचे मळे लावले. तरुण पोरे टिकटॉककडे वळली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. देशाच्या सुरक्षेचा तो निर्णय होता; पण ज्यांनी दोन-तीन वर्षे खपून तेथे लाखो प्रेक्षक जमवले होते, त्यांचे दुकान एका रात्रीत नाहीसे झाले. तीन महिन्यांच्या आत इन्स्टाग्रामचे रील्स आणि यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात उभे राहिले. पेढ्या बाडबिस्तरा उचलून तिकडे गेल्या.

तिकडचे नियमही मालकाचेच. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा, तर १००० सदस्य हवेत आणि गेल्या बारा महिन्यांत लोकांनी तुमच्या चित्रफिती ४००० तास पाहिलेल्या हव्यात. नाहीतर नव्वद दिवसांत शॉर्ट्स एक कोटी वेळा पाहिले गेलेले हवेत. ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. दोन मिनिटांची गोष्ट सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी शेवटपर्यंत पाहावी, तेव्हा कोठे दार उघडते. आत गेल्यावर लांब चित्रफितीच्या जाहिरात-उत्पन्नातले ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. शॉर्ट्सच्या बाबतीत सर्वांचे उत्पन्न आधी एकत्र करून, गाण्यांचा खर्च वजा होतो आणि निर्मात्याच्या वाट्याला आलेल्या रकमेचे ४५ टक्के त्याच्या हाती पडतात. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या बालसंरक्षण कायद्यापायी मुलांच्या चित्रफितींवर पाहणाऱ्याची आवड हेरून दिलेल्या जाहिराती बंद झाल्या. पालक म्हणून आपण त्याचे स्वागतच करू. पण वॉशिंग्टनमधल्या त्या निर्णयाने आपल्याकडच्या बालगीतवाल्यांचे उत्पन्न आटले, हेही खरे.

आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा झाली, कायदा झाला. या नव्या शिवारात मात्र कसणारा वेगळा, जमीन दुसऱ्याची, आणि खंड किती द्यायचा तेही जमीनदारच ठरवणार. कूळ शहाणे असेल, तर ते एवढे तरी ओळखते, की झाड जमिनीत लावले तर ते मालकाचे, कुंडीत लावले तर आपल्याबरोबर नेता येते.

मजुरीचा हिशेब

म्हणून बहुतेक पेढ्या स्वतःच्या मळ्याऐवजी दुसऱ्याच्या कामावर पोट भरतात. कंपन्या, शिकवण्या, दवाखाने, जाहिरात संस्था यांना मिनिटाच्या दराने चित्रफिती करून द्यायच्या. इचलकरंजीत किंवा मालेगावात व्यापारी सूत देतो, मागवाला कापड विणून देतो आणि मजुरी घेतो. तसाच हा प्रकार. माग चालू, पण कापड आपले नव्हे.

एक नमुन्याचा हिशेब मांडून पाहू. समजा, मालक धरून पाच माणसे आहेत. चार जणांचे पगार सरासरी २५,००० प्रमाणे एक लाख. भाडे २०,०००. वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर १५,०००. पाच संगणकांची किंमत साडेचार लाख धरली आणि ते तीन वर्षे चालतील असे मानले, तर महिन्याची घसाऱ्याची रक्कम १२,५००. मालकाच्या घरखर्चाला ४०,०००. एकूण खर्च १,८७,५००. समजा, ही मंडळी महिन्याला दहा मिनिटांचे काम नीट करू शकतात. म्हणजे मिनिटाला पडले १८,७५०. आता गिऱ्हाईक घासाघीस करून दर १५,००० वर आणते. महिन्याची जमा दीड लाख, तूट ३७,५००. पुन्हा एकदा पाहा : ही तूट आणि मालकाचा घरखर्च जवळजवळ एकच रक्कम आहे. चौघांचे पगार होतात, भाडे जाते, वीज जळते आणि मालक फुकट राबतो. बायकोची नोकरी किंवा वडिलांचे निवृत्तिवेतन त्या पेढीचे खरे भागीदार असतात. पाटीवर त्यांचे नाव नसते, एवढेच.

हे झाले पैसे वेळेवर आले तर. प्रत्यक्षात बिल तीन-तीन महिने पडून राहते. वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली, किंवा मोठ्या गिऱ्हाइकाने नोंदणीचा आग्रह धरला, की बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. तो गिऱ्हाइकाने दिला नसला, तरी सरकारात वेळेवर भरावा लागतो. दीड लाखाच्या बिलावर २७,००० रुपये पेढीने स्वतःच्या खिशातून आगाऊ भरायचे आणि मग गिऱ्हाइकाच्या लेखा विभागाला रोज नमस्कार घालायचे.

याला कायद्याचा आधार नाही, असे नव्हे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी झालेल्या छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेच लागतात. उशीर झाला, तर बँक दराच्या तिप्पट, महिना चक्रवाढीने व्याज. २०२४ पासून प्राप्तिकराच्या नियमांतही अशा थकलेल्या बिलांना चाप बसला. मात्र दाद मागायची म्हणजे गिऱ्हाइकाला तोडायचे. पाचांपैकी तीन कामे ज्याच्याकडून येतात, त्याच्यावर फिर्याद कोण करील? तरीही नोंदणी करून ठेवावी आणि ४५ दिवसांची ओळ बिलावर छापून घ्यावी. न बोलता बोलण्याची ती एक रीत आहे.

तारणाविना कर्ज अजिबात मिळत नाही, हाही गैरसमज आहे. २००० साली स्थापन झालेल्या पतहमी न्यासाच्या आधारे, आणि २०१५ च्या मुद्रा योजनेखाली, छोट्या उद्योगाला घर गहाण न ठेवता कर्ज देता येते. वडिलांच्या फ्लॅटची कागदपत्रे काढण्यापूर्वी हे दोन दरवाजे ठोठवावेत. अर्थात हमी मिळाली तरी हप्ता चुकत नाही. वरच्या हिशेबातली तूट कर्जाने भरायला निघालेल्या मुलाला मी स्पष्ट ‘नको’ म्हणतो. कर्ज यंत्राला घ्यावे, दोन महिन्यांच्या खेळत्या भांडवलाला घ्यावे. पडेल दराला घेऊ नये.

आजी कोणाची?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. माझ्या परिचयाच्या एका तरुणाने शेतीमाल विकणाऱ्या एका कंपनीसाठी एक आजी रंगवली. नऊवारी, हातात विळा, तोंडात म्हणींचा साठा आणि प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायची लकब. आवाज त्याच्या थोरल्या आत्याचा. तीन वर्षे ती आजी मोबाईलवरून पेरणी सांगत होती, फवारणीच्या वेळी तोंडाला फडके बांधा म्हणून दटावत होती. गावोगावी लोक तिला ओळखू लागले. चौथ्या वर्षी कंपनीने काम दुसरीकडे, स्वस्तात दिले; आजीसकट. तो मला एवढेच म्हणाला, “काका, आजी अजून दिसते हो मोबाईलवर. पण ती आता आमच्या आत्यासारखी खाकरत नाही.”

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे सतरावे कलम सांगते, की मोबदला देऊन कोणी चित्रफीत करवून घेतली, तर वेगळा करार नसल्यास तिचा प्रथम मालक करवून घेणारा. आणि नोकरीत असताना केलेल्या कामाचा प्रथम मालक, वेगळे ठरले नसल्यास, नोकरी देणारा. या तरुणाच्या करारात तर ‘पात्रांसह सर्व हक्क’ अशी ओळच होती. त्याने मजुरी घेतली होती आणि आजी दिली होती. कंपनीने कायद्याबाहेर काही केले नाही.

म्हणूनच सही करण्यापूर्वीची दहा मिनिटे ही या धंद्यातली सर्वांत मोलाची मिनिटे होत. चित्रफीत गिऱ्हाइकाची, परंतु पात्र पेढीचे आणि गिऱ्हाइकाला ते अमुक कामापुरते, अमुक वर्षे वापरण्याची मुभा, असे लिहून घेता येते. हक्क द्यायचाच असेल, तर तो किती मुदतीसाठी आणि कोणत्या प्रदेशापुरता, हे नमूद करावे. हक्क लिहून दिला पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही, तर भारतापुरता धरतो. पात्राच्या नावाची आणि चित्राची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीही करता येते. प्रत्येक गिऱ्हाईक हे मान्य करील असे नाही. दहांतील नऊ ‘सर्व हक्क आमचे’ म्हणतील. तेव्हा दर वाढवून मागावा. दिवस विकणे आणि जमीन विकणे यांची किंमत सारखी नसते.

आणि निदान एक पात्र कोणाच्याही मागणीशिवाय, आपले म्हणून सांभाळावे. हैदराबादच्या ग्रीन गोल्डने २००८ मध्ये ‘छोटा भीम’ दूरचित्रवाणीवर आणला. त्या धोतरातल्या पोराने पुढे दप्तरांवर, डब्यांवर आणि खेळण्यांवर बसून पैसा मिळवला. ‘मोटू-पतलू’ १९६९ पासून ‘लोटपोट’ या बालसाप्ताहिकात होते. २०१२ मध्ये ते पडद्यावर आले. आपला ‘चिंटू’ १९९१ मध्ये पुण्याच्या दैनिकात अवतरला आणि २०१२ मध्ये त्याचा चित्रपट झाला. कागद गेला, पडदे बदलले, पात्र टिकले. हेच कुंडीतले झाड.

यंत्राची नवी पाळी

या मजुरीवर आता नवे संकट आले आहे. दोन वाक्ये लिहिली, की हलते चित्र काढून देणारी साधने २०२४-२५ पासून सर्रास दिसू लागली. सणाच्या शुभेच्छा, दुकानाच्या सवलतीची जाहिरात ही कामे ज्यांच्या रोजच्या भाकरीची होती, त्यांना ‘आम्ही घरीच करून घेतले’ हे उत्तर ऐकावे लागते. काही पेढ्या या साधनांना शिव्या देतात, काही मुकाट्याने ती वापरतात.

परिचयातल्या एका मुलीने मला गंमत दाखवली. तिने यंत्राकडे सातारकडची आजी मागितली. पहिल्या चित्रफितीत आजी नऊवारीत आली, दुसऱ्यात सहावारीत, तिसऱ्यात कपाळाचे कुंकू गेले आणि नाकात उत्तरेकडची भली मोठी नथनी आली. ही साधने झपाट्याने सुधारत आहेत. हे दोष उद्या राहणार नाहीत, असे तीच म्हणते. पण आजी कोणत्या म्हणीवर थांबेल, सुनेसमोर काय गिळून टाकील, हे ठरवायला आजीजवळ बसलेले माणूसच लागते. दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. लॅटव्हियासारख्या छोट्या देशातल्या चमूने ‘ब्लेंडर’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेल्या ‘फ्लो’ला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. हत्यारे स्वस्त झाली, ती गरिबालाही स्वस्त झाली. जी केवळ हत्याराच्या जोरावर उभी होती, ती पेढी कोसळेल. जिच्याकडे सांगायला स्वतःचे काही आहे, तिला हा काळ अगदीच प्रतिकूल नाही.

छोटा पडदा, छोटे डोळे

एक गोष्ट हिशेबाच्या वहीत बसत नाही, पण तीही बोलली पाहिजे. या पेढ्यांचा मोठा प्रेक्षक म्हणजे लहान मुले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभराहून अधिक नको. पेढीचे उत्पन्न मात्र पाहण्याच्या तासांवर! भडक रंग, दर सेकंदाला बदलते दृश्य, न संपणारे गाणे यांनी मूल खिळून राहते, हे चित्रकाराला पक्के ठाऊक असते. कपाटात कावळा होणारी ती मुलगी स्वतः एका तीन वर्षांच्या मुलीची आई आहे. तिने आपल्या कावळ्याची गोष्ट दीड मिनिटाची केली, संथ ठेवली आणि शेवटी कावळा म्हणतो, “जा, खिडकीतून बघ, माझा भाऊ बसलाय का?” मूल मोबाईल सोडून खिडकीशी जाते. धंद्याच्या दृष्टीने हा चक्क वेडेपणा, कारण प्रेक्षक घालवून देणारी चित्रफीत यंत्राला आवडत नाही. पण तो कावळा तिचा स्वतःचा आहे, म्हणूनच तो असे बोलू शकतो. दुसऱ्याच्या पगारी कावळ्याला ही मुभा नसते.

मुलाला या क्षेत्रात घालू का, असे विचारणारे पालकही भेटतात. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था, पवईच्या आयआयटीतले डिझाईन केंद्र येथे उत्तम शिक्षण मिळते. २०२५ मध्ये मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने या उद्योगासाठी धोरणही मंजूर केले. सोयी वाढत आहेत, हे चांगलेच. तथापि लाखांच्या फीची पावती फाडण्यापूर्वी मुलाची चित्रांची वही पाहावी. कोणी न सांगता ती भरलेली असेल, तर त्याला अडवू नये. कोरी असेल, तर महागडा संगणक ती भरून देणार नाही.

राहिला तो अर्जातला कोरा रकाना. कावळा, आजी, चिंटू यांची किंमत मांडण्याची सवय आपल्या बँकांना नाही. कर्जाच्या अर्जात त्या रकान्यापुढे ‘एक कावळा’ असे लिहिले, तर शाखाधिकारी हसेल. हरकत नाही. फाळक्यांनाही कोणी वाटाण्याच्या रोपावर कर्ज दिले नसते. त्यांनी आधी रोप वाढवून दाखवले. पेढी काढणाऱ्यांनी दोन वह्या ठेवाव्यात : एक मजुरीची, जिच्यावर भाडे, पगार आणि हप्ते चालतील, दुसरी आपल्या पात्रांची, जिच्यात दर वर्षी निदान एक पान नवे आणि पूर्णपणे स्वतःचे असेल. ‘तारण’ हा शब्द ‘तारणे’ या क्रियापदाच्याच घरातला आहे. मोबाईल जाऊन उद्या आणखी कोणता पडदा येईल, तेव्हा ही दुसरी वहीच पेढीला तारेल.